आइसमेकर आणि मुख्यार्थबाध

दरवर्षी साहित्यशास्त्राच्या तासाला शब्दशक्तींचा भाग आला, की मम्मटाने सांगितलेल्या लक्षणेच्या तीन अटी मी फळ्यावर लिहिते : मुख्यार्थबाध, तद्योग, आणि रूढी किंवा प्रयोजन. उदाहरणही ठरलेले असते : 'गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे.' वाहत्या प्रवाहावर वस्ती होऊ शकत नाही, म्हणून शब्दाचा सरळ अर्थ अडतो. मग प्रवाहाशी निगडित असलेला 'तीर' हा अर्थ आपण घेतो. आणि 'गंगेच्या तीरावर' असे साधेपणाने न म्हणता 'गंगेवर' म्हणण्यामागे त्या वस्तीची शीतलता आणि पावित्र्य सुचवण्याचा हेतू असतो. वीसेक वर्षे मी हे असेच शिकवीत आले. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. कारण अर्थ अडतो म्हणजे नेमके काय होते, हे मलाही २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत नीटसे उमगलेले नव्हते. ते उमगले न्यू जर्सीमध्ये, माझ्या थोरल्या भावाच्या स्वयंपाकघरात, बंद पडलेल्या आइसमेकरसमोर फरशीवर बसलेली असताना.

दादा तिकडे गेला त्याला पंचवीसहून अधिक वर्षे झाली. तो यंत्र अभियंता. तीन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडे निकामी झाली आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास, त्याला डायलिसिस घ्यावे लागते. या आजाराविषयी मी दुरून पुष्कळ ऐकले होते, पण त्याच्या घरी राहायला गेल्यावर पहिल्यांदा ध्यानात आले, की या आजारात माणसाचे सगळे आयुष्य पाण्याच्या मोजमापाभोवती फिरते. दादाला दिवसाकाठी एक लिटर पाण्याची मुभा होती. या लिटरात चहा आला, आमटी आली, ताक आले, गोळ्या गिळायचे पाणीही आले. मूत्रपिंड काम करीत नसल्याने प्यायलेले पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत शरीरातच साठते आणि वजनाच्या काट्यावर दिसते. ते फार झाले तर पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो आणि शेवटी पाणी फुप्फुसांत उतरते. तहान मात्र यातले काही जाणत नाही. म्हणून अशा रुग्णांना बर्फाचा खडा चघळायला सांगतात. घोटभर पाणी क्षणात संपते. तेवढ्याच पाण्याचा खडा तोंडात बराच वेळ टिकतो. अर्थात बर्फ हेही पाणीच, आणि त्याचीही मोजणी करावीच लागते.

त्या घरातल्या फ्रिजला आइसमेकर होता. आपल्याकडे अजून बहुतेक घरांत बर्फ म्हणजे पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवलेला ट्रे. तिकडे फ्रिजला नळाची बारीक नळीच जोडलेली असते आणि यंत्र आपले आपण बर्फ करून खालच्या टोपल्यात टाकीत राहते. माझी खोली स्वयंपाकघराला लागून होती. पहिल्या रात्री, साऱ्या घराची निजानीज झाल्यावर, कुणीतरी मूठभर कवड्या लाकडी पेटीत ओताव्यात तसा आवाज आला आणि मी दचकून उठले. सकाळी दादा हसून म्हणाला, "अगं, बर्फ पडला. इथे आत पण पडतो." पुढे त्या आवाजाची सवय झाली. दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी तो यायचा थांबला. एखादी गोष्ट थांबल्याचे आपल्याला उशिरा कळते, तसे मलाही उशिराच कळले. दादाला ते आधीच कळले होते. टोपले रिकामे होत आले होते.

वहिनी म्हणाल्या, "मी ट्रे लावते. कंपनीच्या माणसाला बोलावू पुढच्या आठवड्यात." त्यांनी खरेच एक लहानसा ट्रे लावला. पण दादाला ट्रे चालणार नव्हता. यंत्र घरात असताना ते बंद ठेवून ट्रेने बर्फ लावणे हा त्याला स्वतःचाच पराभव वाटत असावा. आमच्या लहानपणी गावातल्या घरात रेडिओ, शिलाई मशीन, सायकलचा डायनॅमो, जे जे बिघडे ते तो उघडून बसे. मला फक्त टॉर्च धरायचे काम असे, आणि टॉर्च हलला की बोलणी खावी लागत. आता त्याच्या डाव्या हातात डायलिसिससाठी केलेला फिस्टुला आहे. त्या हाताने जड काही उचलायचे नाही, आणि फरशीवर बसले तर उठवत नाही. एका शनिवारी वहिनी बँकेत गेल्यावर तो खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसला, टॉर्च स्वतःच्या हातात घेतला आणि मला म्हणाला, "आज तू उघड. मी सांगतो."

आइसमेकरचे काम कसे चालते, हे त्याने मला आधी समजावून सांगितले. समजल्याखेरीज स्क्रूला हात लावायचा नाही, हा त्याचा जुना नियम. फ्रीजरमध्ये वरच्या बाजूला धातूचा एक लांबट साचा असतो, त्यात अर्धचंद्राच्या आकाराचे आठ खण. मागच्या नळीतून साच्यात पाणी पडते. ते गोठून साच्याचे तापमान शून्याखाली आठ-नऊ अंश सेल्सिअसवर आले, की आतला थर्मोस्टॅट मोटर सुरू करतो. साच्याखालचा हीटर बर्फाची कड किंचित वितळवतो, फिरत्या दांड्याची बोटे खडे बाहेर ढकलतात आणि ते टोपल्यात पडतात. फेरी संपता संपता मागचा व्हॉल्व्ह सहा-सात सेकंद उघडतो आणि नवे पाणी भरले जाते, साधारण १४० मिलिलिटर. शेजारी तारेचा एक हात असतो. प्रत्येक फेरीत तो वर उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो. टोपले भरले असेल तर तो बर्फावर अडून वरच राहतो आणि यंत्र थांबते. "या यंत्राला 'पुरे' एवढा एकच शब्द येतो," दादा म्हणाला, "तो या हाताने बोलतो." हे मी मनात नोंदवून ठेवले.

मग आम्ही क्रमाने निघालो. तारेचा हात खालीच होता, म्हणजे यंत्राने स्वतःहून 'पुरे' म्हटलेले नव्हते. फ्रीजर पुरेसा थंड नसेल तर थर्मोस्टॅट मोटर सुरूच करीत नाही, म्हणून आत थर्मामीटर ठेवला. तो स्थिर होईपर्यंत दादा बर्फाच्या गोष्टी सांगत बसला. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेले एक जहाज न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले. वाटेत बराच वितळूनही शंभरेक टन शिल्लक होता. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा तो उद्योग. पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला. तो टिकावा म्हणून लाकडाच्या भुशात दाबून ठेवीत. भुसा म्हटल्यावर आम्हां दोघांनाही एकदमच आठवला तो आमच्या गावचा गोळेवाला : गोणपाटात गुंडाळलेली, भुशाने माखलेली लादी, रंधा, आणि गोळ्यात हमखास दाताखाली येणारी भुशाची काडी. "एक गोळा दोघांत," दादा म्हणाला, "आणि तू शेवटचं सरबत ओढून घ्यायचीस." थर्मामीटरने उणे अठरा दाखवले. फ्रीजर निर्दोष होता.

पुढचा संशय पाण्याच्या नळीवर. व्हॉल्व्ह घट्ट मिटत नसेल तर थेंब थेंब पाणी झिरपून नळीच्या तोंडाशी गोठते आणि नळी बुजते. तसे असते तर केस वाळवायच्या ड्रायरने काम भागले असते. मी बोट घालून पाहिले. नळी मोकळी आणि कोरडी होती. फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो, तो चारच महिन्यांपूर्वी बदललेला होता.

आता यंत्राचीच परीक्षा घ्यायची होती. आइसमेकरच्या तोंडावरचे झाकण काढले, की आत बारीक छिद्रे दिसतात आणि प्रत्येक छिद्रापाशी एक रोमन अक्षर असते : एन, एम, एच, टी, एल, व्ही. टी म्हणजे थर्मोस्टॅट, एच म्हणजे हीटर, व्ही म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह. टी आणि एच ही दोन छिद्रे वायरच्या तुकड्याने जोडली, की थर्मोस्टॅटची वाट न पाहता फेरी सुरू होते. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टची. आपल्यापेक्षा निम्मी, पण जीव घ्यायला पुरेशी. म्हणून आधी प्लग काढायचा, वायर बसवायची, मग प्लग लावायचा, बोटे हलू लागली की पुन्हा प्लग काढून वायर काढून घ्यायची. यातली प्रत्येक पायरी दादाने माझ्याकडून दोनदा वदवून घेतली आणि मगच करू दिली. त्याच्या हातातला टॉर्च थरथरत होता. मी त्याला काही बोलले नाही.

मोटर फिरली. बोटे रिकाम्या साच्यातून सावकाश फिरून आली, तारेचा हात उचलला जाऊन खाली आला. साचा हाताला गरम लागला. शेवटी फ्रिजच्या पाठीमागून एक घुमणारा, दबलेला आवाज आला, सहा-सात सेकंद टिकला आणि थांबला. साच्यात पाण्याचा एक थेंबही पडला नाही.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. बर्फ पडणे थांबल्यापासून रात्री मधूनच मला तो ऐकू येत होता. फ्रिजचा नेहमीचा आवाज म्हणून मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. म्हणजे या साऱ्या रात्री यंत्र आपले काम चोख करीत होते. रिकामा साचा थंड झाला की फेरी पुरी करायचे, व्हॉल्व्ह उघडायचे, पाणी मागायचे, ते न आल्यावर पुन्हा थंड होत राहायचे. बंद पडलेले काहीच नव्हते.

"व्हॉल्व्ह उघडतोय," दादा म्हणाला. "पाणी त्याच्या अलीकडेच अडलंय. मागची नळी सोडवून बघू. त्याआधी खाली जाऊन कॉक बंद कर, नाहीतर स्वयंपाकघरात तळं होईल."

फ्रिजला येणारी बारीक नळी बेसमेंटमधल्या तांब्याच्या पाइपवरून घेतलेली होती आणि तिथे एक छोटा कॉक होता. बेसमेंटच्या जिन्याला तेरा पायऱ्या. दादा वर्षभरात तो जिना उतरलेला नव्हता. खाली कपडे धुण्याचे यंत्र, जुन्या सूटकेसी, आणि छताच्या कडेने गेलेले पाइप. कॉक सापडायला वेळ लागला नाही. मी तो उजवीकडे फिरवू लागले. फिरेना. आणखी जोर लावला, तरी फिरेना. माझी ताकद कमी पडते असे वाटून पक्कड आणायला वळले आणि मग थांबले. कॉक आधीच बंद होता. शेवटपर्यंत, घट्ट. आसपासच्या साऱ्या पाइपांवर महिन्यांची धूळ होती. कॉकच्या मुठीवरची तेवढी पुसली गेली होती. या बेसमेंटमध्ये एक दिवसाआड कपड्यांची टोपली घेऊन उतरणारे माणूस घरात एकच होते.

मी तिथे किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. तोवर मी ज्याला बिघाड म्हणत होते, तो बिघाड नव्हता. आम्ही यंत्राचा एकेक अवयव तपासत आलो होतो, आणि प्रत्येकाने आपण निर्दोष असल्याची साक्ष दिली होती. दोष शोधायला निघालेल्या माणसाला दोषच सापडेल, असे आपण धरून चालतो. येथे सापडला होता तो हेतू.

वर येऊन मी दादाला म्हटले, "पाना लहान पडतोय. वहिनी आल्यावर बघू." त्याने टॉर्च बंद केला. काही विचारले नाही.

संध्याकाळी वहिनी पोळ्या लाटत होत्या आणि मी भाजत होते. मी म्हटले, "वहिनी, खालचा कॉक बंद आहे." लाटणे थांबले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तू यायच्या आधी एका रात्री ह्यांना श्वास लागला होता. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. फुप्फुसात पाणी. तुला सांगितलं नव्हतं, ह्यांनीच नको म्हटलं." पुढची पोळी तव्यावर आली. "दिवसा सगळं मोजून घेतात. रात्री दोनला उठून बर्फ खातात. मी जागी असते, दातांचा आवाज ऐकू येतो. किती खडे, तेही मोजते. पण उठून नाही म्हणवत नाही गं. तहानलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हणून मशीनलाच नाही म्हटलं."

मला एकदम काही बोलता येईना. त्यांच्या जागी मी असते, तर काय केले असते? दादाची तहान खरी होती, आणि वहिनींची भीतीही तितकीच खरी होती. वीस वर्षांच्या अध्यापनात मी एवढेच म्हणू शकले, "पण त्याला वाटतंय यंत्र बिघडलंय. तो त्याच्यातच अडकून बसलाय."

"मग तू सांग."

"मी नाही. तुम्ही."

त्या रात्री त्यांच्या खोलीचे दार बराच वेळ लोटलेले होते. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. सकाळी चहाच्या वेळी दादाने मला एकच विचारले, "घट्ट होता का गं कॉक?" त्याच्या आवाजावरून माझ्या लक्षात आले, की व्हॉल्व्ह घुमला आणि पाणी आले नाही, त्या क्षणीच त्याला सारे कळले असावे. कदाचित त्याही आधी. मी म्हटले, "हो. खूप." त्याने मान हलवली आणि पेपर उलटला.

मम्मटाकडे मी परत आले ती त्यानंतर. 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात काव्यदोषांची लांबलचक यादी आहे. आम्ही ती पाठ करतो, विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतो आणि मग कवितांना लावत सुटतो. हे दुर्बोध, ते विसंगत, इथे निवेदन तुटले, तिथे पात्र अकारण गप्प बसले. पण बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, यांच्या औचित्याने एरवीचा दोष कधी दोष राहत नाही, कधी तर गुणच ठरतो, हेही त्याच उल्लासात सांगितलेले आहे. परीक्षेच्या दृष्टीने तो भाग गौण असल्याने आम्ही तो भराभर उरकतो. लक्षणेच्या बाबतीतही तेच. सरळ अर्थ अडला की तिथे थबकायचे आणि हा अडथळा कुणी, कशासाठी निर्माण केला ते विचारायचे, हा त्या तीन अटींचा गाभा. आम्ही मात्र मुख्यार्थबाधाला वाक्यातली अडचण समजतो आणि ती दूर करून पुढे जातो. वोल्फगांग इझर यांनी वाचकाने भरून काढायच्या रिकाम्या जागांविषयी लिहिले, ते आम्ही नवे म्हणून शिकवतो. पण एखादी रिकामी जागा कुणीतरी तेरा पायऱ्या उतरून, सारी ताकद लावून, मुद्दाम रिकामी केलेली असू शकते, ही शक्यता समोरची संहिता वाचताना मी स्वतः किती वेळा ध्यानात घेतली होती?

याचा अर्थ प्रत्येक उणिवेमागे थोर हेतू असतो, असा मी काढत नाही. नळी खरोखरच गोठलेली असू शकते, फिल्टर खरोखरच तुंबलेला असू शकतो, आणि वाईट कविता पुष्कळदा नुसती वाईटच असते. म्हणूनच आधी सारे तपासणे आवश्यक. दादाने त्या दिवशी एकही पायरी गाळू दिली नाही, म्हणून आम्ही त्या कॉकपर्यंत पोचलो. घाईने नवा आइसमेकर आणून बसवला असता, तर तोही रात्रभर कोरडाच घुमत राहिला असता. आणि हेतू सापडला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. वहिनींचा हेतू चांगला होता; त्यांचा उपाय मात्र मुका होता, आणि तो मुका असल्यामुळेच दादाला त्याच्याशी भांडताही येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी स्वतः खाली जाऊन कॉक उघडला. सहा-सात सेकंद पाणी पडल्याचा आवाज आम्ही तिघांनी फ्रिजसमोर उभे राहून ऐकला. पहिल्या एक-दोन फेऱ्यांचा बर्फ टाकून द्यायचा असतो. तो टाकून दिला. मग दादाने हिशेब मांडला : १४० मिलिलिटरचे आठ खडे, म्हणजे एका खड्याचे साधारण साडेसतरा मिलिलिटर. दिवसाला आठ खडे. रात्री झोपण्यापूर्वी वहिनींनी ते एका डब्यात मोजून ठेवायचे, त्यातले किती दिवसा आणि किती रात्री हे दादाने ठरवायचे, आणि तेवढे पाणी लिटरातून वजा करायचे. एवढे ठरल्यावर त्याने फ्रीजरमध्ये हात घालून तारेचा तो हात स्वतः वर उचलून ठेवला. यंत्र थांबले.

मी परत आले. पुढच्या सत्रात लक्षणा शिकवताना फळ्यावर तीन अटी लिहिल्या आणि गवळ्यांच्या वस्तीपाशी बराच वेळ रेंगाळले. मुलांना वाटले, हा प्रश्न परीक्षेला येणार.

दादाचे डायलिसिस चालू आहे. रविवारी फोन होतो, तेव्हा मी तब्येतीची चौकशी करीत नाही; फक्त विचारते, "काल किती?" परवा तो म्हणाला, "आठ." मागून वहिनींचा आवाज आला, "नऊ."